खणाचं हँडल

२६ ऑक्टोबर २००६, कामठा
दिवाळीनंतरच्या मंडईतला, इथल्या जत्रेतला, आमचा पहिला प्रयोग. खण उघडला नाही.

आमच्या मालकांनी, दिवाकरभाऊंनी, ही गाडी लिलावात घेतली तेव्हा सगळ्या नाटककंपनीसमोर म्हणाले होते, आता बायांसाठी खास खोली. पूर्वी एक्स-रेची गाडी होती ती. कडेची खोली टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकते, म्हणून आम्ही तिला खणच म्हणतो. बाहेर आला की आम्ही चौघी आरशासमोर बसून रंगायचं, साडी बदलायची. आत ढकललेला असला की पेट्यांपुरती जागा. मोटर जळालेली, त्यामुळे हँडल फिरवूनच काढायचा. काल रात्री मागची बाजू वीतभर आली. पुढची हललीच नाही.

मग कनात. कनातीला भोकं. कमल साडी दातात धरून बदलत होती, तिची अंगावर पिणारी पोर माझ्या कडेवर, दुसऱ्या हाताने मी शाल धरलेली, आणि बाहेरून पोरं टॉर्च मारत होती. मला इतका राग आला की पहिल्या अंकातल्या जहाल वहिनीच्या सगळ्या शिव्या खऱ्या निघाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्यांनो.

२७ ऑक्टोबर
भाऊंशी बोलले.
"बाई, मी नाटककंपनी चालवून राहिलो, गॅरेज नाई. कोहमाऱ्याच्या प्रयोगापर्यंत नाई चालला त वेल्डिंग मारून बंद करून टाकतो. साऊंडचे डब्बे ठेवाले जागा होईन."
"आणि आम्ही?"
"कनात आहे ना."
म्हटलं, मी दुरुस्त करते. भाऊ हसले. "तुमी?"
बाबा राईस मिलमध्ये फिटर होते, मी पट्ट्या-चाळण्यांच्या आवाजात वाढले. हे काही सांगत बसले नाही. करते म्हणजे करते.

२९ ऑक्टोबर
आज प्रयोग नाही. गाऊन घालून गाडीखाली. आमचे ड्रायव्हर रज्जूभैया गोंदियाचे, हिंदीतच बोलतात. "मॅडम, आप रहने दो, कपडा खराब होगा." म्हटलं, कपडा माझा, तुम्ही टॉर्च धरा.

खोलीच्या तळाशी दोन दातेरी पट्ट्या, एक पुढे, एक मागे. प्रत्येकीवर एक दातेरी चाक. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, दांडा फिरतो हँडलने. म्हणजे गणित साधं आहे. पण दात्यांत धानाचं वाळलेलं तणीस, चिखल, उंदराचं घरटं! वर कुणीतरी ग्रीस थापलेलं, त्याला धूळ बसून पेंड झालेली. बाबा म्हणायचे, उघड्या दात्याला ग्रीस म्हणजे धुळीला आवतन. रॉकेलनं धुतलं, कोरडं पुसलं. हाताची नखं गेली.
खण हलला. पण अजून तिरपाच येतो.

३१ ऑक्टोबर
सापडलं!! पुढच्या चाकाचा बोल्ट ढिला. चाक दांड्यावर घसरलेलं, म्हणून मागची बाजू पळते आणि पुढची मागे राहते. बोल्ट आणखी सैल केला, रज्जूभैयांनी पुढची बाजू ओढली. दोन्हीकडचं माप एकाच दोरीनं घ्यायचं होतं, दोरी मिळेना. परकराची नाडी काढली. रज्जूभैया तोंड फिरवून उभे. नाडी दोन्हीकडे सारखी भरली तेव्हा बोल्ट कसला.

तरी कुठंतरी घासत होतं. खण ज्यावर सरकतो त्या रुळाला तोंडाची पावडर फासली, खण आत-बाहेर केला. जिथली पावडर पुसली तिथे घासतं. तिथले बोल्ट जरा फिरवले. मग प्रत्येक बोल्टवर लाल नेलपॉलिशची रेघ, डोक्यापासून पत्र्यापर्यंत. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, बोल्ट हलला.
कमल म्हणते, "ताई, तुमी त बोल्टालेही रंगवून राहिल्या."

६ नोव्हेंबर, कोहमारा
चालला. चालला. चालला.

ढाब्यामागच्या मैदानात गाडी लावली, मुरूम टाकलेली सपाट जागा, बाजूला ट्रकांची रांग. हँडल फिरवलं आणि खण लोण्यासारखा बाहेर. कमलनं दार लावून, मांडी घालून, निवांत पोरीला पाजलं. "घरच्यासारखं वाटून राहिलं वो ताई." मला रडू आलं, पावडर पुन्हा लावावी लागली.
भाऊ आले, खणाला हात लावून पाहिला, "बरं आहे" म्हणाले आणि पान मागवलं. वेल्डिंगचं नाव नाही.

११ नोव्हेंबर
आज मैदान म्हणजे धानाची बांधी, कापणी झालेली, धसकटं तशीच. खण मागून अडला. बोल्ट फिरवून जमवलं.

१४ नोव्हेंबर
दुसरं गाव, दुसरी बांधी. आज पुढून अडला. कालपरवा फिरवलेले बोल्ट उलटे फिरवले. लाल बाटली संपली, आता गुलाबी रेघा.

१७ नोव्हेंबर
पुन्हा. दर गावाला याचा नवा रुसवा, नवऱ्याच्याही वरताण. मी काय चुकतेय कळत नाही. पान्हा हातात घेतला की भाऊ लांबून नुसते बघतात. ते जास्त वाईट.

२१ नोव्हेंबर
वाईट दिवस. रात्रभर चाललेला प्रयोग सकाळी संपला, खण आत जाईना. अर्धा बाहेर लोंबकळता ठेवून गाडी कशी निघणार? भाऊंनी मंडपवाली माणसं बोलावली, सगळ्यांनी मिळून रेटला. "थांबा" म्हणेपर्यंत कडकन आवाज. कडेचं रबर फाटलं. नव्या गावाला पोहोचायला उशीर, तिथली मंडळी तापलेली.
भाऊ सगळ्यांसमोर: "उद्या वेल्डर येते. झालं तुमचं नाटक."
कमलनं पेटीतून कनात काढली आणि भोकं शिवायला बसली. भाऊंच्या बोलण्यापेक्षा ते मला लागलं.

२२ नोव्हेंबर
हे नीट लिहून ठेवते.

सकाळी खण कसाबसा बाहेर काढलेला. आत फरशीवर परात ठेवून तोंड धूत होते. साबण लावून डोळे उघडले, तर पाणी एका काठाला टेकलेलं आणि दुसरीकडे परातीचा तळ उघडा. बघतच राहिले. साबण डोळ्यात गेला तरी.

खाली उतरून पाहिलं. गाडीचं एक चाक धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, बाकीची बांधीत. म्हणजे अख्खी गाडीच पिळलेली! कोहमाऱ्याला चालला, कारण जमीन सपाट होती. त्यानंतर मी दर गावात वाकड्या गाडीला जुळवून खण वाकडा करत गेले. पुढच्या गावात धुरा दुसरीकडे, की पुन्हा... बाबा असते तर पान्हा डोक्यात घातला असता. आधी बूड सरळ, मग वरचं. मिलमध्ये दुसरं काय करायचे ते?

रज्जूभैयांना हाक मारली. स्टेजच्या फळ्या चाकाखाली, जॅक लावला. मी आत परातीजवळ बसून ओरडत होते, अजून, अजून, बस. पाणी चारी बाजूंनी सारखं झालं. मग एकेक बोल्ट लाल रेघेवर परत. गुलाबी सगळ्या खरवडून टाकल्या.
हँडल एका हातानं फिरलं. कमलनं फिरवलं, पोर कडेवर घेऊन.

वेल्डर आलाच. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि स्टेजचा मोडका पाय जोडायला दिला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "फाटलेला रबर गोंदियात मिळते का पाहा गा, रज्जू."

१० डिसेंबर
आता रीत ठरली. गाव आलं की आधी परात, मग फळ्या, मग हँडल. हँडल माझ्या पेटीत असतं. नवं रबर बसलं. लिहिण्यासारखं काही नाही, हेच लिहिण्यासारखं.

२ जानेवारी २००७
भाऊ नव्या नटीला गाडी दाखवत होते. "झाडीपट्टीत कोण्या कंपनीजवळ नाई अशी खोली." मी आतून ऐकलं. वेल्डर आठवला. हसू दाबलं.

३ फेब्रुवारी, सालेकशाकडचं गाव
कचारगडच्या यात्रेची गर्दी. एकाच गावात दोन कंपन्या, आम्ही या टोकाला, दुसरे त्या टोकाला. संध्याकाळी त्यांच्यातली एक बाई आली, अंगाभोवती चादर घट्ट धरून. "बाई, तिकडं कनातीजवळ दारूड्यांची गर्दी आहे. साडी बदलू देता का?"
म्हटलं, सगळ्यांना घेऊन ये.

सगळ्या आल्या. खणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाची टिकली कुणाच्या कपाळावर. लाल रेघ एकही तुटली नाही, मी पाहून घेतलं.

प्रयोगानंतर भाऊ तापले. "दुसऱ्या कंपनीच्या बाया आपल्या गाडीत कायले?"
"त्यांनाही साडी बदलावी लागते, भाऊ."
"ह्या खोलीपायी चांगल्या नट्या माह्याकडं येऊन राहिल्या. साऱ्यायलेच देली त माह्याजवळ वेगळं काय राहिलं? हँडल द्या."
खोटं नाही बोलले. धंदा त्यांचा आहे, गाडी त्यांची आहे. पण मी नसते तर या खोलीला कधीच वेल्डिंग मारलं असतं आणि आम्ही पुन्हा कनातीत. दिलं नाही.
"परत त्या बाया आत घेतल्या त मग पाहा. वेल्डर काही मेला नाई."

५ फेब्रुवारी
नवं गाव. रस्त्यापलीकडे तीच कंपनी. त्यांची कनात इथून दिसते, वाऱ्यावर उडतेय.

भाऊंनी खणाच्या दारासमोर खुर्ची टाकली आहे आणि बसलेत. गाडी लेव्हल करून खण बाहेर काढून झाला, रज्जूभैयांनी फळी ठोकताना नुसतं माझ्याकडे पाहिलं. हँडल आज पेटीत नाही, पिशवीत आहे, नऊवारीच्या खाली. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. पुढच्या हंगामाचा करार अजून झालेला नाही.

पलीकडून दोघी निघाल्यात. चादर पांघरून. खुर्ची बघून रस्त्यातच थांबल्या.

कमल परात भरायला निघाली. "ताई, किती जणींचं पाणी ठेवू?"
म्हटलं, काठोकाठ भर. आणि त्यांना हाक मारायला उठले.