फाट्यावर न भरलेली हवा

बाबा,

मी आता ट्रक चालवत नाही. सैन्यातली ड्रायव्हरकी संपली, पेन्शन सुरू झालं आणि अमरावतीत भातकुली रोडच्या अंगाला घर बांधून राहतो आहे. मी सैन्यात गेलो हेही तुम्हाला माहीत नाही. तुमच्या मागं घडलेल्या गोष्टी इतक्या साठल्या आहेत की कुठून सुरुवात करावी सुचत नाही, म्हणून एका बटणापासून करतो. मी ज्या ट्रकवर होतो त्याच्या स्टेअरिंगशेजारी एक बटण होतं. ते एका बाजूला फिरवलं की चालत्या ट्रकच्या चाकांमधली हवा कमी व्हायची आणि दुसऱ्या बाजूला फिरवलं की चालता चालताच भरायची. उतरायचं नाही, थांबायचं नाही. समोरच्या काट्यावर सगळं दिसायचं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "फेकून नोको राहू बे."

तुम्ही हवा सोडायचात ती उकिडवं बसून. पावसाळ्यात आपली पांदण म्हणजे रस्ता नव्हताच, काळ्या मातीची खीर होती. भाजीच्या क्रेटा भरलेली जीप त्यात घातली की चाक जागच्या जागी फिरायचं आणि दर फेऱ्याला आणखी खाली जायचं. तुम्ही पांदणीच्या तोंडाशी जीप थांबवता, खिशातून आगपेटीची काडी काढता, वॉल्व्हची पिन दाबता आणि मान तिरपी करून सुसाट निघणारी हवा ऐकत बसता. मग टायरला अंगठा लावून पाहता. चारी चाकांना असं करून झालं की जीप बुडाशी पसरट होऊन त्याच चिखलातून, जड पण न अडता, शेतात जायची. मी एकदा विचारलं होतं, की हवा कमी केली तर गाडी आणखी रुतायला नको का? तुम्ही बांधावरच्या म्हशीकडं बोट दाखवलं होतं. "तिचा खूर पाह्य. चिखलात फाकते, सडकेवर मिटते. जनावराले देवानं शिकवलं, टायरले आपल्याले शिकवा लागते."

परत येताना फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडं चारी चाकं पुन्हा टणक करून घेतल्याशिवाय तुम्ही डांबरी रस्त्याला लागत नव्हता. सांभाराच्या हिरव्या जुड्या सुकू दे, वांगी बाजाराला उशिरा पोचू दे, काका मागं बसून कितीही कुरकुरू दे. एकदा मी एकटाच जीप घेऊन बाजारात गेलो आणि फाट्यावर गर्दी पाहून तसाच पुढं निघून गेलो. घरी आलो तेव्हा तुम्ही आधी टायरला अंगठा लावलात. माझं मनगट धरलं आणि तळहात टायरच्या कडेवर दाबला. मी ओरडलो तरी सोडला नाहीत. "कयलं? मऊ टायर सडकेवर धावला का आंदरून शिजते. कडेनं फाटते. मंग तू बी नाही अन् गाडी बी नाही." रात्री काकूनं हाताला तूप लावलं आणि तुमचं ताट तुमच्यापुढं आपटून ठेवलं. दुसऱ्या महिन्यात तुम्ही अकोल्याला गेलात तेव्हा जठारपेठेतल्या एका दुकानातून माझ्यासाठी हवा मोजायचं छोटं गेज आणलंत. रुमालात बांधून, बांगड्या आणाव्यात तसं. स्वतः मात्र शेवटपर्यंत अंगठ्यानंच मोजत राहिलात.

आई गेली तेव्हा मी पायावर नीट उभाही राहत नव्हतो. मला काकूनं वाढवलं. ती तुमच्या धाकट्या भावाची बायको, तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी, पण माझ्यावरून तुमच्याशी भांडायला न घाबरणारी. हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण पुढचं लिहिताना ते मला स्वतःला एकदा लिहून ठेवावंसं वाटलं.

त्या दिवशी दुपारी ती झेंडू तोडत होती. सण तोंडावर होता, फुलाला भाव होता, सकाळपासून झड लागून उघडली होती. मी विहिरीपाशी होतो. तिनं हाक मारली ती इतकी साधी होती, की पाणी मागते आहे असं वाटलं. "जराक ये तं. मले काहीतरी चावलं." घोट्याच्या वर दोन टिपके होते आणि घोणस वाफ्यातच वेटोळं घालून बसली होती, तिला पळायचीही घाई नव्हती. तुम्ही आणि काकांनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. जीप सकाळीच पांदणीतून आत आणलेली, त्यामुळं टायर मऊच होते. पांदणीतून आपण जसे निघालो तसं दुसऱ्या कुणाला निघता आलं नसतं. एकदाही चाक अडलं नाही. मला त्या वाटेचा अजून अभिमान वाटतो, बाबा. तेवढ्याच तुकड्याचा.

फाट्यावर लाइट नव्हती. पंक्चरवाला दुकानासमोर हात बांधून उभा होता. कॉम्प्रेसरची टाकी सकाळीच रिकामी झाली होती. जीपमध्ये पायपंप होता, पण चार मोठी चाकं पायपंपानं फुगवायची म्हणजे पाऊण तास कुठं गेला नसता. काकूच्या पायाची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती आणि ती थुंकली ते लाल होतं. आसपास दुसरी गाडी दिसत नव्हती. मी उतरून मागच्या चाकाला गेज लावलं.

"बाबा, निम्मी बी हवा नाही."

"माईत हाय."

"पंप काढू?"

काका मागून किंचाळले, "दादा, हवा गेली चुलीत! चाल! मरून राहिली थे!"

तुम्ही खाली उतरलात. मला वाटलं, पंप काढायला. तुम्ही मागच्या चाकाला अंगठा लावला, जसा नेहमी लावायचात. मग काकूकडं पाहिलंत. ती काकांच्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि तिला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. ती म्हणाली, "भाऊजी, भरून घ्या हवा. माया जीव काई एवढ्यात जात नाही." तुम्ही परत स्टेअरिंगवर बसलात. मला म्हणालात, "बस," आणि गाडी सुरू केलीत.

पहिला टप्पा तुम्ही हळू चालवलात. बैलगाडीच्या थोडं पुढं. मी तुमच्या शेजारी होतो आणि तुमचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, चाकांच्या आवाजावर होतं. मऊ टायर डांबरावर चपचप वाजतो, ओल्या चपलेसारखा. मग मागं काकूनं ओकारी केली आणि काका तिला हाका मारायला लागले, आणि ती ओ देईना. तुम्ही आरशात पाहिलंत. त्यानंतर ॲक्सिलरेटरवरचा पाय तुम्ही उचलला नाहीत. मला वास आला, जळक्या रबराचा. तुम्हालाही आला असणार. आपण दोघंही बोललो नाही.

शहर दिसायला लागलं होतं. उजवीकडचं मागचं चाक फुटलं. जीप आधी आडवी झाली आणि मग रस्त्याकडेच्या नालीत उलटली.

मी, काका आणि काकू बाहेर फेकलो गेलो, खालच्या गाळात. तुम्ही स्टेअरिंगमध्ये अडकलात आणि जीप तुमच्या छातीवर. अमरावतीला जाणारी एसटी मागून आलीच. कंडक्टर आणि चार-पाच प्रवाशांनी जीप उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही. मग कुणीतरी काकूकडं पाहिलं आणि म्हणालं, हिला तरी नेऊ. ड्रायव्हर म्हणाला, आता स्टॉप नाही घेत, सीधा दवाखाना. काका तिच्यासोबत चढले. एसटी गेली आणि मी तुमच्याजवळ गुडघाभर पाण्यात बसलो. तुम्ही विचारलंत, "तिले नेलं?" मी म्हटलं, "नेलं." तुम्ही म्हणालात, "जाग होती काय तिले?" मी म्हटलं, होती. मला माहीत नव्हतं. तुम्ही डोळे मिटलेत. ट्रॅक्टर घेऊन माणसं आली आणि त्यांनी साखळीनं जीप ओढून काढली, तेव्हा तुम्ही उरला नव्हता.

काकू वाचली. पुष्कळ दिवस सलाईनवर होती, पाय काळा पडला तो अजून तसाच आहे. तिला तुमचं सांगितलं नव्हतं. घरी आणली तेव्हा ओसरीवर तुमच्या फोटोला हार पाहून तिला कळलं. ती रडली नाही. काकांना म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, भरून घ्या. म्हटलं होतं का नाही?" काका त्यानंतर कुठल्याही गाडीत बसले नाहीत. अचलपूरला त्यांच्या सासऱ्याचं मरण होतं, तरी एसटीत पाय ठेवला नाही. चालत निघाले, आणि तिसऱ्या दिवसाला जाऊन पोचले. मरायच्या आधी मला जवळ बोलावून म्हणाले, "मी 'चाल' म्हटलं नसतं तं दादा थांबला असता काय रे?" मी म्हटलं, "तुमचं त्याईनं कधी ऐकलं होतं, काका?" ते हसले. मला वाटतं माझं ते बोलणं खरं होतं. तुम्ही काकांचं ऐकून निघाला नव्हता.

सैन्यात मला वाळवंटात पाठवलं. तिथं वाळूत चाक रुतणं आणि आपल्या पांदणीत रुतणं, दुःख एकच. पहिल्या दिवशी ट्रक शिकवणाऱ्या उस्तादनं त्या बटणाबद्दल समजावलं. इंजिनावरच्या कॉम्प्रेसरमधून नळी निघते, ती आसातून प्रत्येक चाकाच्या पोटात जाते. वाळूत हवा उतरवायची, पक्की सडक आली की चढवायची, आणि काटा वर येईपर्यंत वेग आवरून चालायचं. आम्ही वाळूतून सडकेवर आलो. मी सवयीनं ब्रेक मारला आणि दार उघडून उतरायला लागलो. उस्ताद हसला. "अरे, रुकना नहीं है. चलते रहो, चलते-चलते भर जाएगी." मी बटण फिरवलं. खालून फुसफुस ऐकू आली, तुमच्या काडीच्या उलटी, आत जाणारी. काटा हळूहळू वर चढला. गाडी चालत होती. मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं नाही, कारण गाडी चालवत होतो. पण उस्तादनं माझ्याकडं पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी म्हटलं, डोळ्यात वाळू गेली.

त्यानंतर नोकरीभर मी ते बटण फिरवलं. दलदल, वाळू, गोटे, सडक, पुन्हा वाळू. दर वेळी मनात एकच हिशेब: हे बटण जीपला असतं तर फाट्यापासून किती अंतरात भरली असती? पहिलं गाव येईपर्यंत नक्की. तुम्हाला फक्त तेवढंच अंतर हळू जायचं होतं, आणि तेवढं तर तुम्ही हळू गेलाच होता.

काकू आता माझ्याकडे असते. माझी मुलगी, म्हणजे तिची नात, कॉलेजात जाते आणि संध्याकाळी तिला मोबाइलवर काहीबाही दाखवते. मागल्या आठवड्यात तिनं सैन्याच्या ट्रकचं काहीतरी दाखवलं असणार, कारण काकू मला म्हणाली, "तुया ट्रकात हवेचं बटन होतं म्हनते पोरगी."

"होतं."

"मले कधी सांगतलं नाही तू."

"काय सांगायचं त्यात?"

ती बराच वेळ काळा पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "थे आपल्या जीपले बसवता आलं नसतं काय?"

"नाही काकू. तवा आपल्याकडं कोनाजवय नव्हतं."

"मंग बरं," ती म्हणाली. बरं काय, ते मी विचारलं नाही.

तुम्ही फाट्यावर का थांबला नाहीत, हे मला पूर्वी कळत नव्हतं. तुमच्याइतकं त्या टायरला कुणी ओळखत नव्हतं. आता वाटतं, तुम्ही अंगठा लावला तेव्हाच दोन्ही बाजू तोलल्या होत्या आणि त्या तोलात स्वतःला धरलंच नव्हतं. गावात लोक अजून सांगतात, भावजयीसाठी जीव दिला. मान हलवतात. मीही हलवतो.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. काकू नातीशी हसत असते, उन्हात केस वाळवत बसलेली असते, मला 'जेवला काय' म्हणून विचारते, आणि एखाद्या क्षणी माझ्या मनात येतं की तुम्ही पंप काढायला हवा होता. पाऊण तास लागला असता, लागू द्यायचा होता. जिनं मला वाढवलं तिच्याकडं पाहत मी हे मोजतो, आणि ती माझ्याकडं पाहते तेव्हा मला वाटतं, तिला ते दिसतं. हे पत्र घरात ठेवणार नाही. काकूला वाचता येत नाही, पण नातीला येतं.