धुळीआडचा उजेड आणि टीव्हीचा रिमोट

औरंगाबाद (आता संभाजीनगर म्हणायचं), रविवार

दोस्त नूरमोहम्मदभाई, पुंजारामचा रामराम आणि सलाम. गुडघा कसा आहे? वैजापुरात कांद्याला भाव आहे का? इकडे मी सोडून सगळे खुशाल. ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घ्या.

माझी नात भागू पुण्याला तारे बघायची नोकरी करते, सध्या रजेवर आली आहे. तिनं शेजारच्या दीर्घिकेचा फोटो आणला. (शेजारची म्हणजे तिथला उजेड इथं यायला कोटभर वर्षं लागतात. असला शेजार काय कामाचा?) तिच्या मधोमध म्हणे भलता उजेड आहे, पण पुढं धुळीचा थर, त्यामुळं साध्या दुर्बिणीला आतलं दिसत नाही. अवरक्त नावाचे किरण मात्र त्या धुळीतून आरपार येतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, भागू यंत्रानं टिपते. वर म्हणाली, "आजोबा, आपल्या टीव्हीच्या रिमोटमधूनसुद्धा तसलेच किरण निघतात."

आता माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणजे धूळच की! मी सातवी शिकलेला माणूस, लगेच ताळा जमवला आणि रोज संध्याकाळी उजव्या डोळ्याला रिमोट लावून बटणं दाबू लागलो. तिकडं आमच्या हिच्या, म्हणजे वच्छलाबाईंच्या, मालिकेतली सासू बोलायला तोंड उघडायची आणि टीव्हीवर शेतीचा चॅनेल लागून कपाशीची बोंडअळी यायची. हिनं मेकॅनिक बोलावला, त्यानं बिचाऱ्यानं दोनदा टीव्ही खोलला. पाचव्या दिवशी मी सापडलो.

"डॉक्टरचं भ्या वाटतं म्हणा की सरळ! टीव्हीचा जीव कशाला घेता?" ही म्हणाली.

भागू म्हणाली, "आजोबा, ते किरण डोळ्यात घातले तरी डोळ्याला दिसणार नाहीत." (हे आधी सांगायचं ना!)

आपला,
पुंजाराम

ता. क. ऑपरेशन शुक्रवारी ठरलंय. तुमचं गेल्या साली झालं, तेव्हा डोळा उघडाच ठेवला होता का? मी भीत नाही, नुसती चौकशी.

ता. क. २. कळवू नका, गुरुवारी तुम्हीच या. शहागंजात काम होतं म्हणून सांगा.

ता. क. ३. भागूनं तो फोटो माझ्या खाटेसमोर लावलाय. "मधला उजेड काय सुरेख आहे गं!" असं मी म्हणालो, तर पोरगी लई खूश झाली. भाई, मला नुसती चौकट दिसली होती. ती पुढच्या रविवारी परत जाते. त्याआधी मला ते वाक्य एकदा खरं म्हणायचंय. नक्की या.