खाप्याचा वन्समोअर

५ जानेवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. लिहिता येत नाही तर काय झालं, बोलता तर येते. नात दीक्षानं मोबाईलमधलं माईकचं बटन दाखवून दिलं. मी बोलते, तो लिहितो. मले वाचता येत नाही आन् दीक्षाले वेळ नाही, म्हणजे एकदम प्रायव्हेट.

मुद्दा असा की नाट्य मंडळाचे संगीत नाटकाचे पुरस्कार आहेत. महिन्याच्या शेवटी नॉमिनेशन. गायिका-अभिनेत्रीच्या गटात तीन नावं निघतील. माझा अंदाज: एक नंबर कांताबाई, म्हणजे मी, ‘संगीत खाप्याची सून’मधली सासू. बाकी दोन कोणीही चालतील. जागा भरायले लागतेच कोणी तरी.

गोपिका नाही.
हे दोनदा लिही. गोपिका नाही.

७ जानेवारी
गोपिका कोण, ते एकदा नोंदवून ठेवते. झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत आम्ही सोबत होतो. मी नायिका, ती नायिकेची मैत्रीण. खापा गावच्या प्रयोगात माझ्या पदाले वन्समोअर आला. लोकं ओरडून राहिले, वामनरावनं ऑर्गनवर सूर धरला, मी दम घ्यायले एक पाऊल मागं सरकली. तेवढ्यात ही पुढं आली आन् माझं पद गाऊन मोकळी झाली. टाळ्या तिले. मी मागं उभी, हातात पितळेचा तांब्या धरून.

चाळीस वर्षं झाली. मी मनात काही ठेवत नाही. तांब्या ठेवला आहे.

१० जानेवारी
तालीम. डायरेक्टर नागसेन म्हणाला, आजी, तुमचं एकच पद आहे, पण सारं नाटक त्याच्यावर उभं आहे. खरं बोलणारं पोरगं. नंतर कळलं, पडदा ओढणाऱ्यालेही तो हेच म्हणाला.

ऑर्गनवर वामनरावच. आता कानाले मशीन लावते, पण हात तोच. त्याच्याकडूनच बातमी: गोपिकाही स्पर्धेत आहे. ‘संगीत गांधीबागची राणी’ नावाचं नाटक, त्यात राणीची आजी. गुडघे गेले म्हणून खुर्चीवर बसून गाते म्हणे. परीक्षक काय फर्निचरले मार्क देतात?

संकल्प: नॉमिनेशन होईपर्यंत लोणचं, दही, संत्री बंद.
सायंकाळी एक संत्रं खाल्लं. बारकंच होतं.

१३ जानेवारी
प्लॅन सुचला. सूड म्हणू नका, मी सुडाची बाई नाही. न्याय म्हणा.

गोपिकेचा प्रयोग सोळाले आहे. आमच्या वस्तीतल्या महिला मंडळाची उन्नती आहे, तिचा आवाज दोन गल्ल्या ओलांडून जाते. तिले सांगतलं, साऱ्या बाया घेऊन जा आन् गोपिकेचं पद झालं की वन्समोअर मागा. उन्नती म्हणाली, आजी, ती तुमची वैरी ना, मग तिले वन्समोअर काहून? मी म्हटलं, जावयाले आग्रह करून वाढतात ना वं, त्याचं बटन तुटेपर्यंत? तसं. तिचा दम एका पदाचा. दुसऱ्यांदा आवाज फाटते, तिसऱ्यांदा ठसका लागते. वरून नाटक लांबलं की वेळेचे मार्क कापतात. उन्नती म्हणाली, आजी, तुम्ही डेंजर आहात. मले बरं वाटलं.

१६ जानेवारी
मी स्वतः गेली नाही. कलाकारानं दुसऱ्याच्या प्रयोगाले जाऊ नये, नजर लागते. आपली नाही, त्यायची.

बाया परत आल्या. डोळे लाल. मी विचारलं, ठसका लागला का? उन्नती म्हणाली, लागला, आमाले. गोपिकेनं चार वेळा गायलं. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा हळू, जसं नातवाले थापटून राहिली. तिसऱ्यांदा हसत. चौथ्यांदा नुसती खुर्चीचा दांडा धरून, अर्धं पद डोळे मिटून. उन्नती म्हणे, शेवटचे दोन वन्समोअर आम्ही तुमच्यासाठी नाही मागितले, आजी, आमच्यासाठी मागितले.

फितूर.

परीक्षकानंही रुमाल काढला म्हणे. जानेवारीत कोणालेही सर्दी होते.

१७ जानेवारी
नागसेनले सहज विचारलं, नाटक लांबलं तर किती मार्क कापतात. म्हणाला, वन्समोअरचा वेळ धरतच नाहीत, तो प्रेक्षकांचा असते. हे आधी सांगायले काय झालं होतं त्याले.

तरी अंदाज तोच. फक्त आता दुसऱ्या जागेवर गोपिका आली तर येऊ द्या. मी पहिली असली की तिले खाली बसून पाहता येईल. खुर्ची आहेच तिची.

२० जानेवारी, प्रयोगानंतर
काय सांगू. पद असं लागलं, असं लागलं, की वामनरावनं ऑर्गनवरून मान वर केली. तो कधी करत नाही.

पण हॉलमधून वन्समोअर नाही. उन्नतीले डोळ्यानं इशारा केला. तिनं तोंड उघडलं, आवाजच नाही. साऱ्या बायायचे गळे सोळा तारखेले बसले, ते अजून उठले नाहीत. टाळ्या वाजल्या, पण ओरडायले कोणी नाही.

तेवढ्यात अगदी मागच्या लाईनीतून एकच आवाज आला. फाटका. वन्समोअर.

मी तो आवाज अंधारात, पाण्यात, झोपेत ओळखीन. गोपिका.

वामनरावनं लगेच सूर धरला. माझ्या डोक्यात लखकन प्रकाश पडला: माझाच डाव माझ्यावर! माझा दम तोडायले आली. मी पदर सावरला, तोंड फिरवलं आन् सरळ विंगेत गेली. सूर बिचारा थोडा वेळ एकटाच वाजत राहिला.

बरी सुटली.

२१ जानेवारी
नागसेन बोलत नाही माझ्याशी. दडपण आलं असेल त्याले, नॉमिनेशनचं.
दोन संत्री खाल्ली. आता गळ्याचं काम झालं.

२८ जानेवारी
नॉमिनेशन निघाले. दीक्षानं मोबाईलवर वाचून दाखवले. पहिलं नाव गोपिका. मग दोन पोरी. मी म्हटलं, खाली पाह्य, अजून असतील. ती म्हणाली, खाली जाहिरात आहे, आजी.

सायंकाळी नागसेन आला. चहा नको म्हणाला, मग दोन कप पिला. त्याले एका परीक्षकानं सांगतलं, सासूचं नाव आमच्या तीन नावांत होतं. पण प्रेक्षकानं मागितलेलं जी देत नाही, तिले आम्ही काय द्यावं?

परीक्षकाले नाटकातलं काही कळत नाही.

३० जानेवारी, दुपार
गोपिका घरी आली. गुडघे धरत दोन जिने चढली, हातात पिशवी. संत्री. मी तिले मुद्दाम खाप्याच्या तांब्यात पाणी दिलं. तिनं तांब्या फिरवून पाह्यला, मग माझ्याकडे पाह्यलं, मग प्यायली.

मी म्हटलं, अभिनंदन वं, परीक्षक नात्यातला आहे का? ती हसली. म्हणाली, तुझ्या बाया होत्या ना त्या? एवढे वन्समोअर मले जन्मात आले नाहीत.

मी म्हटलं, कोणत्या बाया?

ती पिशवीतलं एक संत्रं सोलायले लागली. सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

“खाप्याचा तो वन्समोअर तुझा होता, कांते,” ती म्हणाली. “माझ्याजवळ लई वर्षं पडून होता. त्या दिवशी परत द्यायले आली होती मी. तू घेतलाच नाही.”

मी म्हटलं, माझा गळा बसला होता. ती म्हणाली, हो, असेल. जिना उतरताना ती एकदा थांबली. मले वाटलं गुडघा असेल.

३० जानेवारी, सायंकाळ
घरात कोणी नाही. दार लावलं. तांब्या हातात घेतला आन् माझं पद पहिल्यापासून शेवटपर्यंत ह्या मोबाईलसमोर गायलं. सासूचं नाही, खाप्याचं. एकही जागा चुकली नाही. दम पुरला. अजून एकदा पुरला असता.

गाणं संपवून एक पाऊल मागं सरकली आन् थांबली.

ह्यानं सारं लिहून घेतलं असेल. वन्समोअर काही मागितला नाही.