रविवारपर्यंत भिंत

सोमवार, ३ तारीख
छोट्या खोलीतल्या जिप्समच्या भिंतीला दाराचं हँडल आपटून भोक पडलं. लिंबाएवढं. दार वाऱ्याने आपटलं. थोडं मीही. रविवारी लेक दोन महिन्यांच्या नातीला घेऊन पंधरा दिवस राहायला येतेय, याच खोलीत. नातीला अजून फक्त फोनवर पाहिलंय. कधी एकदा मांडीवर घेतो असं झालंय. बायको म्हणाली, पेंटरला बोलवा, दोन दिवसांत करून देईल. एवढ्याशा भोकाला पेंटर? म्हटलं, उद्या संध्याकाळी बघ, भोक कुठे होतं ते शोधावं लागेल.

मंगळवार, ४
तीन व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. आतून तुकडा, वरून जाळीची टेप, मग पुट्टीचे तीन पातळ थर, प्रत्येक थर रात्रभर वाळू द्यायचा. हे नवशिक्यांसाठी. मी भोकात वर्तमानपत्र कोंबलं आणि एकच जाड थर दिला. टेप घेतली नाही. दुकानदार उगाच गळ्यात मारत होता.

बुधवार, ५. सकाळी ७
पुट्टीला भेग. दोष हवेचा.

दुपारी १
भेग खरवडताना बोर्डाचा तुकडाच हातात आला. भोक ताटलीएवढं झालं. करवतीने नीट चौकोनी केलं. आता याला भोक म्हणता येणार नाही, काम म्हणावं लागेल.

गुरुवार, ६
टेप आणली. दुकानदार नुसता हसला. तुकडा बसवला, टेप लावली, पुट्टी लावली. भिंतीला टेंगूळ आलं. व्हिडिओतला माणूस म्हणतो, फुगवटा लपवायचा तर पुट्टी आजूबाजूला पसरवत न्या. नेली. तरी दिसतो. आणखी नेली. संध्याकाळी खिडकीपर्यंत पोचलो. बायको दारात येऊन म्हणाली, अजूनही पेंटरला फोन करते. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? ती चहा ठेवायला गेली. म्हणजे आहे.

शनिवार, ८. सकाळी
काल लिहिलं नाही. खांदा उचलत नव्हता. आज पॉलिश पेपरने घासायचं, की संपलं. धूळ खिडकीबाहेर जावी म्हणून टेबलफॅन लावला.

दुपारी ४
बाहेरचा वारा फॅनपेक्षा जोरात होता. धूळ घरभर. पांघरुणांत, तांदळाच्या डब्यात, बायकोच्या चष्म्यावर. ती चष्मा न पुसताच माझ्याकडे बघत राहिली. मग लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, बाबांना म्हणावं वाईट वाटून घेऊ नका, पण एवढ्याशा जिवाला ही धूळ सोसायची नाही. आम्ही सासूबाईंकडेच उतरतो, पंधराही दिवस. त्या दोन गल्ल्या पलीकडेच राहतात, तेव्हा तसा काही फरक पडत नाही.
वाईट वाटलं. खूप.

रविवार, ९
सकाळी बायकोने पेंटर आणला. भिंतीवरून हात फिरवत त्याने विचारलं, आधी कोण होता कामाला? म्हटलं, होता एक. पळून गेला.

संध्याकाळी व्याह्यांकडे गेलो. विहीणबाई म्हणाल्या, आधी हात धुऊन या, मग घ्या बाळाला. तीनदा धुतले. नखांतली पुट्टी निघेना, वर धुळीचा खोकला. बाहेर आलो तोवर नात व्याह्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. झोपलेल्या बाळाला कोण उठवणार? दारातूनच पाहिली.
नाक माझ्यावर गेलंय. तेवढ्या अंतरावरूनही स्पष्ट दिसतं.