फुलं कधी नेतेस?

आई,

जुने कपडे बोहारणीला देण्याआधी तू त्यांची बटणं कापून घ्यायचीस, त्याची मला फार लाज वाटायची. ती बाई ओट्यावर बसून शर्ट उलटसुलट करायची आणि म्हणायची, "बेन, बटन तो रहेवा दो." तू ढिम्म. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत बटणांचे डबेच डबे. पंखे दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची बारीक तार मागून आणायचीस आणि दुपारची भांडी आवरली की स्वयंपाकघरातच फतकल मारून बसायचीस. मोठ्या बटणावर मधलं, त्यावर लहान. एका भोकातून तार वर, दुसऱ्यातून खाली, मग पीळ देत देत फुलाचा देठ. एकदा मी जोर लावून तार तोडली, तेव्हा म्हणालीस, "अगं, पीळ द्यायचाय, गळा नाही आवळायचा." मी दोन दिवस रुसले होते. बाबा गेल्यावर त्यांच्या ऑफिसच्या शर्टांची पांढरी बटणं मात्र तू वेगळी ठेवलीस, त्यांना कुणाला हात लावू दिला नाहीस.

कंप्युटर शिकलेल्यांना परदेशातून बोलावणी येत होती ते दिवस. मलाही आलं. निघायच्या आदल्या दिवशी तू माझ्या कपड्यांच्या घडीत मोगऱ्याचा एक गुच्छ ठेवलास, त्याच पांढऱ्या बटणांचा. मी तो काढून टीव्हीवर ठेवला. "वजन वाढतंय," म्हणाले. तिकडे कुणी पाहिला तर काय सांगायचं, ही खरी पंचाईत होती. तू वाद घातला नाहीस. पण नंतर दर रविवारी फोन ठेवताना तुझं ठरलेलं, "फुलं कधी नेतेस?" आणि मी चिडून म्हणायचे, "नेईन गं, पळून चाललीत का?"

तू गेलीस तेव्हा मी आले नाही. व्हिसाचे कागद अडकले होते, मी निघाले असते तर परत शिरता आलं नसतं. हे खोटं नाही, पण तेवढ्याने सुटकाही नाही. शेजारच्या काकांच्या मुलाने तुला अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "बेननां फूल राख्यां छे, बेटा. तारी राह जोईए?" तुझी फुलं ठेवली आहेत, तुझी वाट पाहू का. मला टीव्हीवरचा गुच्छ दिसला, तुझा रविवारचा प्रश्न ऐकू आला आणि ते सोसेना. मी म्हणाले, "ना काका. मारे नथी जोईतां. तमने ठीक लागे एम करो." मला नकोत, तुम्हाला वाटेल ते करा. काका "सारुं" म्हणाले, बरं.

आठ महिन्यांनी मी बडोद्याला आले. काकांनी कुलूप काढलं, तर गुच्छ टीव्हीवर जिथल्या तिथे. मी म्हटलं, "काका, फूल तो अहीं ज छे."

"ए तो बेननां बटनवाळां," काका म्हणाले. "फूल तो अमे चांदोद जईने नर्मदामां पधरावी आव्या. तें ज कह्युं हतुं ने." फुलं आम्ही चांदोदला जाऊन नर्मदेत सोडून आलो, तूच सांगितलं होतंस ना.

गुजरातीत चितेतून वेचलेल्या अस्थींना फूल म्हणतात. शाळेत, बाजारात, मैत्रिणींत मी गुजराती बोलतच वाढले, पण आपल्या घरातलं मरण मराठीत झालं होतं. बाबांच्या वेळी सगळे अस्थीच म्हणत होते. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले, "दुःखमां माणस गमे ते बोले." दुःखात माणूस काहीही बोलतो. आईच्या अस्थी नकोत म्हणणारी मुलगी, असं समजूनही त्या भल्या माणसाने आठ महिने घर झाडलं, किल्ली सांभाळली. खरं काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. आता ते सांगायलाही काका राहिले नाहीत.

नवऱ्याला सांगितलं, मुलीलाही सांगितलं, की एका शब्दाने घात केला. ऐकणारा हळहळतो, मला पाणी आणून देतो. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुला उरलेलं सांगते. त्या फोनवर काकांच्या प्रश्नाआधी मी पाच मिनिटं बोलत होते. गॅस बंद केला का, मागचं दार लावलं का, किल्ली कुणाकडे आहे, सगळं विचारून झालं होतं. तुझ्या अस्थींचं विचारायचं मला सुचलंच नव्हतं.