नळीत काय सापडलं

गुरुवार, १२ फेब्रुवारी. भिसेगाव

आज रिपोर्ट मिळाला. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये माझ्या मनगटात बसवलेली, विरघळून उरलेली कोलॅजनची नळी काढून तपासायला पाठवली होती. काचेने कापलेल्या नसेची दोन टोकं त्या नळीतून जुळणार होती. जुळली नाहीत. आत नुसतं व्रणाचं टणक मांस भरलंय, नसेचे धागे नळीच्या अलीकडच्या टोकाशीच गुंता होऊन थांबलेत. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. मी ऐकत राहिले.

मग ते म्हणाले, "सप्टेंबरच्या तपासणीतच शंका आली होती. तुमच्या भावाला तेव्हाच सांगितलं होतं मी."

सप्टेंबर. मी औषधांच्या रांगेत होते. दादा बाहेर येऊन म्हणाला होता, "नस जुळत येतेय गं, व्यायाम सोडू नको." त्याच्या शब्दावर मी शाळेतली नोकरी नाकारली. हात परत आला की शिवणाचं दुकान पुन्हा उघडणार होते ना. पाच महिने रोज बोटं वाकवत बसले.

येताना रिक्षात दादाला विचारलं. "तुझा धीर सुटला असता गं," म्हणाला. माझा, की त्याचा? सप्टेंबरमध्ये कळलं असतं तर रडले असते, पण नोकरी धरली असती. नसेचा राग येत नाही. तिने निदान खोटं सांगितलं नाही.

संध्याकाळी दादा फाइल त्याच्या कपाटात ठेवायला निघाला. मी ती त्याच्या हातातून घेतली.

"पुढच्या वेळी मी एकटी जाईन, दादा."

तो कपाट लावून आत निघून गेला. चुकलं, एवढं तरी म्हणेल असं वाटलं होतं.