सहा नंबरचा पिवळा

प्रिय ठोंब्या,

दवाखान्यात सगळे तुला सर म्हणतात हे मला माहीत आहे, पण मी ठोंब्याच म्हणणार. निदान पत्राची सुरुवात तरी नेहमीच्या सुरात होऊ दे. तू हे वाचत असशील तेव्हा तुझे भावोजी समोर उभे असतील. त्यांनी पत्र वाचलेलं नाही. तुझं वाचून होईपर्यंत जागचं हलायचं नाही, एवढंच मी त्यांना बजावलंय. ओळी तिरक्या गेल्यात, कारण डाव्या हाताला सलाइन आहे आणि कागद धरायला हातच नाही. हो, सलाइन. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण आज तू थोडं घाबरायला हवंस. मी काल हुडहुडी भरून इथे दाखल झाले. पित्ताची नळी तुंबलीय आणि परवा गुरुवारी सकाळी नऊ वाजता ती आतून उघडायचा प्रयत्न करणार आहेत.

मागच्या महिन्यात फोनवर मी ठणठणीत आहे म्हणाले, ते साफ खोटं होतं. तू माझं पित्ताशय काढलंस त्याला आता सात महिने होतील. पहिले दोन महिने जेवण अंगी लागेना. दुकानात डबा उघडला आणि लोणी लावलेल्या पावाचे दोन घास खाल्ले की मागच्या रंगाच्या पिंपांमधून वाट काढत संडासाकडे पळायचं. मालक म्हणायचे, बाई, तुम्ही जेवता कमी आणि धावता जास्त. तू म्हणालास, ताई, पित्त साठवायची पिशवीच गेली, आता ते थेट आतड्यात उतरतं, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. ते पटलं, आणि खरंच थोडं कमीही झालं. पण तिसऱ्या महिन्यात उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. जेवल्यावर अर्ध्या तासाने सुरू व्हायची, पाठीत घुसायची, श्वास घेऊ द्यायची नाही. तू म्हणालास गॅस. पुढच्या वेळीही गॅस. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालास. त्यानंतर मी तुला सांगणंच सोडलं. उकडलेला बटाटा आणि मऊ भात यांवर दिवस काढले. अकरा किलो उतरले. शेजारीण विचारते, एवढी बारीक कशी झालीस, मलाही सांग ना.

मग खाज आली. तळहात, तळपाय, दिवसभर. रंगाचे डबे हलवताना मी हात पिंपाच्या कडेवर घासायची. माझं काम तुला ठाऊक आहे. मशीन आलं तरी गिऱ्हाइकाच्या भिंतीचा नेमका रंग डोळ्यांनी जुळवायला मालक मलाच बोलावतात. तर एका सकाळी आरशात पाहिलं आणि डोळ्यांचा पांढरा मला पांढरा वाटेना. रंगांची पट्टी डोळ्याशेजारी धरली तर दोन नंबर, म्हणजे दुधी. पुढच्या आठवड्यात चार. तुझी ताई रोज सकाळी आपला आजार पट्टीवर मोजत होती आणि कुणाला बोलत नव्हती. शेवटी आमच्याकडे नेहमी येणारा रंगारी काउंटरवर वाकून बघत म्हणाला, बाई, तुमच्या डोळ्यांत आमचा सहा नंबर उतरलाय. सगळे हसले, मीही हसले. कालचीच गोष्ट. दुपारी हुडहुडी भरली तशी सुट्टी टाकली आणि भाजी आणायला जाते म्हणून एकटीच इथल्या डॉक्टरीणबाईंकडे आले. तुझ्याकडे आले नाही.

का, ते विचारशील. तुला थर्मामीटर आठवतो? आई कामावर, तू माझ्या हवाली. तू तो फोडलास आणि पाऱ्याचे मणी काडेपेटीत भरून गादीखाली लपवलेस. पारा विषारी असतो हे तुला कळलं तेव्हा तू हात धुतलेस, पुसलेस, पुन्हा धुतलेस, बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. आई आली तेव्हा मी म्हणाले, माझ्या हातून फुटला. मार मी खाल्ला. त्यानंतर तुला पाठीशी घालायची मला सवयच लागली. तू डॉक्टर झालास तेव्हा अख्ख्या गल्लीला मीच सांगत सुटले होते. ज्याचं पोट दुखेल त्याला तुझ्याकडे पाठवत होते. त्या भावाच्या हातचं ऑपरेशन बिघडलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? म्हणून दुखणं गिळत बसले. चूकच केली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आणखी थोडे दिवस काढले असतेत तर मला बोलायला कुणी राहिलं नसतं. हे वाक्य तुझ्या भावोजींना सांगू नकोस.

आता मुद्द्याचं. पोटाच्या फोटोत दिसतंय की ऑपरेशनच्या वेळी आत चिमट्यासारख्या बसवलेल्या क्लिपच्या जवळ नळी आवळली गेलीय. बाईंनी विचारलं, ऑपरेशन कुणी केलं, त्याची सविस्तर नोंद कुठेय, घरी सोडतानाच्या कागदावर तर चारच ओळी आहेत आणि सहीही वाचता येत नाही. मी म्हणाले, बाकीचे कागद हरवले आणि ते डॉक्टर परदेशी गेले. बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तिथे क्लिप किती, कुठे, का लावल्या हे कळलं तर मी नळी जपून उघडीन, म्हणाल्या, नाहीतर अंदाजाने जावं लागेल, आणि नाहीच जमलं तर पोट पुन्हा उघडावं लागेल. मी मान डोलावली आणि तुझं नाव घेतलं नाही. खाटेवर येऊन पडले आणि मला खूप भीती वाटली. मरायची वाटली, रे. पहिल्यांदाच.

म्हणून हे लिहितेय. फोनवर तू मला गप्प केलं असतंस, ताई, मी बघतो म्हणून. ऑपरेशन तासाभराचं काम म्हणाला होतास, तीन तास लागले, भावोजींनी बाहेर घड्याळ पाहिलं होतं. मला शुद्ध आली तेव्हा तू खोलीत होतास, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी, माझ्याकडे पाठ करून. हात धुतलेस. पुसलेस. पुन्हा धुतलेस. आणि तिसऱ्यांदा नळ सोडून, न वळता म्हणालास, सगळं छान झालं, ताई. मला तेव्हाच कळलं होतं. सात महिने मी वाट पाहिली, की तू सांगशील. आत काय झालं, रक्त आलं का, घाईत क्लिप कुठे बसली, ते तुझ्या फाइलमध्ये असेल, आणि नसेल तर तुझ्या डोक्यात आहे. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि तू मला हवा आहेस, दोन्ही खरं आहे. थर्मामीटर मी माझ्या अंगावर घेतला. हे नाही घेणार. भावोजींबरोबर लगेच नीघ, फाइल घे, बाईंसमोर बस आणि जे झालं ते तुझ्या तोंडाने सांग. मग माझ्याकडे ये. आत येताना दाराशी बेसिन आहे. हात एकदाच धू.

तुझीच, अजून तरी तुझीच,
ताई